लिंकन लग्नातून पळाला होता का?

आज आधी माफी, मग गोष्ट.

काही महिन्यांपूर्वी एका भागात मी बोलता बोलता एक किस्सा सांगून गेले होते. १ जानेवारी १८४१. लग्नघर सजलंय, पाहुणे जमलेत, केक तयार आहे, नवरी नटून वाट बघतेय, आणि नवरदेव काही येतच नाही. नवरदेवाचं नाव अब्राहम लिंकन आणि नवरी मेरी टॉड. मग पावणेदोन वर्षांनी दोघं पुन्हा भेटतात आणि लग्न करतात. किस्सा भारी, मीही तो चांगला रंगवून सांगितला होता. दुसऱ्या दिवशी एका श्रोत्याचा मेसेज आला: "ताई, हे कुठे वाचलंत?"

एवढंच. मी म्हटलं, सोपंय, पुस्तकाचं नाव पाठवून देते. पुस्तक सापडलं. त्या पुस्तकानं कुठून घेतलं ते शोधलं, मग त्यानं कुठून घेतलं ते. असं मागे मागे जात शेवटी एका माणसापाशी येऊन थांबले. आणि तिथं माझ्या लक्षात आलं की ज्यात नवरदेव पळाला ते लग्न बहुतेक ठरलेलंच नव्हतं. केक नव्हता, पाहुणे नव्हते. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. मुद्दाम नाही, पण सांगितलं.

लिंकनच्या बाबतीत आपण मराठी लोक या फसवणुकीला सरावलेले आहोत म्हणा. माझ्या शाळेत जिन्याजवळ, पाण्याच्या टाकीशेजारी, ते 'लिंकनचं हेडमास्तरांना पत्र' फ्रेम करून लावलेलं होतं. तुमच्याही शाळेत असणार. वसंत बापटांनी ते मराठीत इतक्या सुंदर आणलं की ते आपलंच झालं. पण लिंकनच्या कागदपत्रांत असं पत्र कुठेच नाही. मराठीतल्या ओळी बापटांच्या, भिंत आपल्या शाळेची, आणि नाव लिंकनचं. म्हणजे या माणसाच्या नावावर काहीही खपतं हे मला ठाऊक असायला हवं होतं.

तर आज मी तीच प्रेमकथा पुन्हा सांगणार आहे, नीट. आणि या वेळी नवरदेवाला मी एकेरीतच हाक मारणार आहे. या गोष्टीत तो राष्ट्राध्यक्ष नाहीये, तिशीतला कर्जबाजारी वकील आहे.

पहिल्यांदा गाव बघा, कारण सगळं गावावरच आहे. स्प्रिंगफील्ड, इलिनॉय राज्य. १८४० च्या जनगणनेत लोकसंख्या २,५७९. आपल्याकडचं एखादं मध्यम खेडं समजा. पण हे गाव नुकतंच राज्याची राजधानी झालेलं. विधानभवनाचं बांधकाम अजून पुरं व्हायचं होतं, म्हणून सभागृहाची बैठक कधी चर्चमध्ये भरे. रस्ते मातीचे, त्यात मोकाट फिरणारी डुकरं. पावसाळी दिवसात तर चिखल इतका की बायकांना घराबाहेर पडणं मुश्कील.

या चिखलाचीच एक गोष्ट आहे, आणि ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मेरी टॉड आणि तिची मैत्रीण मर्सी लेव्हरिंग एकदा घरात बसून कंटाळल्या. दोघींनी छपरावर घालायच्या लाकडी फळ्यांचं ओझं घेतलं आणि एकेक फळी चिखलात टाकत, तिच्यावर उडी मारत बाजारात पोचल्या. परत येताना फळ्या संपल्या की काय कोण जाणे, मेरी सरळ एका सामान वाहणाऱ्या गाड्यावर चढली आणि त्यावर बसून घरी आली. मर्सीची काही हिंमत झाली नाही. एका प्रतिष्ठित घरची मुलगी मालाच्या गाड्यावर! गावात एवढी चर्चा झाली की तिथल्या एका डॉक्टरानं या प्रसंगावर चक्क पद्य रचलं. इतकं छोटं गाव.

मेरी १८३९ साली तिथं राहायला आली तेव्हा विशीतली होती. माहेर केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचं, वडील श्रीमंत व्यापारी आणि बँकवाले, घरी कामाला गुलाम. आई ती सहा वर्षांची असताना गेली, मग सावत्र आई आली. मेरी उत्तम फ्रेंच बोलायची आणि राजकारणावर पुरुषांशी वाद घालायची, जे तेव्हा मुलींनी करायचं नसे. तिची थोरली बहीण एलिझाबेथ ही निनियन एडवर्ड्स यांच्या घरात दिलेली. निनियनचे वडील इलिनॉयचे गव्हर्नर होते, त्यामुळे एडवर्ड्सांचं टेकडीवरचं घर म्हणजे गावचा वाडाच. मेरी या बहिणीकडे राहायला आली.

आणि लिंकन? लाकडाच्या झोपडीत जन्म, शाळा जेमतेम वर्षभर, सहा फूट चार इंच उंची. १८३७ च्या एप्रिलमध्ये उसन्या घोड्यावर बसून या गावात आला. जोशुआ स्पीड नावाच्या दुकानदाराला त्यानं विचारलं, एका माणसाच्या अंथरुणा-पांघरुणाचे किती होतील? हिशेब झाला १७ डॉलर. तेवढे खिशात नव्हते. स्पीडला त्याचा चेहरा बघून दया आली. म्हणाला, वर माझा पलंग आहे दोघांपुरता, तिथंच झोप. लिंकन वर गेला, पिशव्या ठेवल्या आणि खाली येऊन सांगितलं की झालं, मी राहायला आलो. पुढची जवळजवळ चार वर्षं दोघं एकाच खोलीत राहिले. या स्पीडला विसरू नका.

लिंकनचा वकिलीतला भागीदार मेरीचा आतेभाऊ होता, म्हणजे वाड्यावर जाण्याची वाट मोकळी होती. तो जायला लागला. एलिझाबेथनं पुढे म्हातारपणी सांगितलं की मेरी बोलायची आणि हा नुसता तिच्याकडे बघत ऐकत राहायचा. १८४० हे निवडणुकीचं वर्ष, दोघंही व्हिग पक्षाचे, दोघांनाही प्रचाराचं वेड. त्या वर्षाच्या अखेरीला दोघांमध्ये लग्नाचं काहीतरी ठरलं होतं, एवढं बहुतेक इतिहासकार मानतात.

बहीण आणि मेहुणा मात्र राजी नव्हते. मला त्यांचा फार राग येत नाही, खरं सांगायचं तर. पोरगा हुशार पण कर्जात बुडालेला. न्यू सालेम नावाच्या खेड्यात काढलेलं दुकान बुडालं होतं, त्याची देणी तो अजून फेडत होता. त्या कर्जाला तो गमतीनं 'राष्ट्रीय कर्ज' म्हणायचा. त्यात तो आमदार म्हणून ज्या रस्ते-कालवे-रेल्वेच्या योजनेमागे उभा होता तिच्यापायी राज्याचंच दिवाळं निघायची वेळ आली होती. १८४० च्या डिसेंबरात राज्य बँकेला वाचवायला, सभागृहाचा कोरम मोडावा म्हणून लिंकननं चक्क खिडकीतून बाहेर उडी मारली. तरी कोरम मोडला नाहीच, त्याची हजेरी आधीच लागली होती. वर विरोधकांनी टिंगल केली ती वेगळी. आपल्या घरच्या मुलीसाठी असं स्थळ आलं तर तुमचे काका काय म्हणतील?

आणि मग काहीतरी बिनसलं. नेमकं काय, यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. एडवर्ड्सांकडे त्या हिवाळ्यात मटिल्डा नावाची अठरा वर्षांची एक देखणी नातेवाईक मुलगी राहायला आली होती, गावातले निम्मे तरुण तिच्यामागे होते. लिंकनचंही मन तिच्यावर गेलं, असं काहींचं म्हणणं. काही म्हणतात गरिबीच्या भीतीनं त्यानं माघार घेतली, काही म्हणतात एडवर्ड्सांनी घ्यायला लावली. मला स्वतःला गरिबीची भीती जास्त पटते. पण हा माझा अंदाज झाला, पुरावा नाही.

पुरावा काय आहे? लिंकननंच पुढे एका पत्रात १ जानेवारी १८४१ या तारखेचा घातवार म्हणून उल्लेख केलाय. गंमत म्हणजे त्याच दिवशी स्पीडनं आपल्या दुकानातला हिस्सा विकला, म्हणजे जिवलग मित्रही गाव सोडायच्या वाटेवर होता. त्यामुळे तो घातवार मेरीचा की स्पीडचा, असाही वाद आहे. पण त्यानंतर लिंकन कोसळला, यात वाद नाही. १३ जानेवारीपासून जवळजवळ आठवडाभर सभागृहात त्याची गैरहजेरी आहे. २३ जानेवारीला भागीदाराला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की या घडीला माझ्याइतका दुःखी माणूस जगात नसेल. माझं दुःख सगळ्या मानवजातीत सारखं वाटलं तर पृथ्वीवर एकही हसरा चेहरा उरणार नाही. आज आपण ज्याला नैराश्य म्हणतो ते हेच. त्याच आठवड्यात तो भागीदाराला असंही कळवतो की डॉक्टर हेन्री यांना गावचं पोस्टमास्तरपद मिळवून दे, ते इथं राहणं माझ्या जगण्यासाठी गरजेचं आहे. स्वतःच्या डॉक्टरला गावात धरून ठेवायला सरकारी नोकरीची खटपट. राजकारणी माणूस आजारपणातही राजकारणीच.

आता माझ्या चुकीकडे येते.

नवरदेव न आलेलं ते लग्न पहिल्यांदा ठसठशीतपणे छापलं गेलं १८८९ साली, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी. लिहिणारा विल्यम हर्नडन, लिंकनचा पुढच्या काळातला वकिलीतला भागीदार. माणूस कष्टाळू. लिंकनच्या खुनानंतर गावोगाव फिरून, लोकांना पत्रं लिहून त्यानं इतक्या आठवणी गोळा केल्या की त्याच्याशिवाय तरुण लिंकन आपल्याला कळलाच नसता. पण मेरीचं आणि त्याचं कधीच पटलं नाही. तो स्वतःच सांगायचा की एकदा नाचताना त्यानं तिला म्हटलं, तुम्ही नागिणीसारख्या सळसळत जाता. स्तुती म्हणून! ती तिथल्या तिथं निघून गेली. १८६६ मध्ये, मेरीला वैधव्य येऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हा, त्यानं स्प्रिंगफील्डमध्ये जाहीर व्याख्यान दिलं की लिंकनचं खरं प्रेम न्यू सालेमजवळ वारलेल्या ॲन रटलेजवर होतं आणि मेरीवर कधीच नव्हतं. अशा माणसाच्या पुस्तकातून माझा किस्सा आलेला.

बरं, राग होता म्हणून तो खोटंच बोलला असं नाही म्हणता येत. एलिझाबेथनंही म्हातारपणी काहीसं तसं सांगितलं होतं. म्हणून दुसऱ्या बाजूनं बघू. १८४१ च्या जानेवारीत गावात काय बोललं जात होतं?

ते आपल्याला माहीत आहे! त्या महिन्यातली पत्रं उरलीत. मर्सी तेव्हा गावाला गेलेली, आणि तिचा भावी नवरा जेम्स कॉन्कलिंग तिला गावच्या बित्तंबातम्या लिहायचा. २४ जानेवारीला तो कळवतो की बिचारा लिंकन आठवडाभर घरात पडून होता, आता बाहेर दिसतो पण खंगलाय, कुजबुजल्यासारखा बोलतो. त्याच सुमारास आणखी एका बाईनं मैत्रिणीला पत्र लिहून लिंकनच्या झटक्यांची टिंगल केलीय, मटिल्डाचं नावही घेतलंय. म्हणजे गाव बोलत होतं, भरपूर बोलत होतं. पण भरल्या मांडवातून नवरा गेल्याचा एक शब्द कुणाच्या पत्रात नाही. लग्नाचा परवानाही १८४१ चा नाही. आहे तो एकच, १८४२ चा.

मालाच्या गाड्यावर मुलगी बसली म्हणून पद्य करणारं हे गाव. गव्हर्नरच्या सुनेच्या घरी पाहुणे जेवायला थांबलेत आणि नवरदेव बेपत्ता आहे, हे या गावानं गिळलं असतं? मी तालुक्याच्या गावात वाढलेय. आमच्याकडे साखरपुडा पुढे ढकलला तरी संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर कारणासकट माहीत असायचं. मला हर्नडनच्या आठवणीपेक्षा स्प्रिंगफील्डच्या तोंडाळपणावर जास्त विश्वास आहे. सोयरीक मोडली, हे खरं. पण ती मोडली बंद दाराआड, दोघांच्यात. मांडव मागाहून घातला गेला.

आता पुढचा दीड वर्षांचा काळ. माझ्या जुन्या भागात हा मी 'मग पावणेदोन वर्षांनी' एवढ्यात उडवला होता, आणि खरी गोष्ट तर इथंच आहे.

एकाच गावात राहायचं, ओळखीची माणसं तीच, आणि एकमेकांसमोर यायचं नाही. कसं केलं असेल? मेरीचं जून १८४१ चं मर्सीला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात ती म्हणते की तो मला दखल घेण्याजोगी समजत नाही, कित्येक महिन्यांत कुठल्या समारंभात दिसला नाही. पण तो दुसऱ्या कुणाकडेही जात नाही, एवढंच काय ते समाधान. तो पुन्हा माणसांत आला तर मला फार फार आनंद होईल. बघा, रागाचा सूर आहे, टोमणाही आहे, आणि शेवटी काळजी. ती विशी ओलांडलेली, बहिणीच्या घरी आश्रित म्हणावी तशी, आजूबाजूला मैत्रिणींची लग्नं होतायत. हर्नडनच्या पुस्तकातली मेरी चिडकी आणि महत्त्वाकांक्षी आहे. या पत्रातली बाई मला तिथं कुठे दिसली नाही.

लिंकन त्या उन्हाळ्यात केंटकीला स्पीडच्या घरी गेला. गुलामांच्या घामावर चालणारा मोठा मळा, आरामाचे दिवस. स्पीडच्या आईनं त्याला उदासीवर उपाय म्हणून बायबल भेट दिलं. परतताना बोटीवर त्याला बारा गुलाम साखळ्यांनी बांधून विकायला नेताना दिसले. त्या दृश्याबद्दल त्यानं लिहून ठेवलंय, पण तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

तिकडे स्पीड एका मुलीच्या प्रेमात पडला, फॅनी तिचं नाव. आणि लग्न ठरताच घाबरला! माझं तिच्यावर खरंच प्रेम आहे का, मी चुकतोय का, तेच सगळं. मग लिंकन त्याला पत्रामागून पत्र लिहायला लागला. धीर दे, शंका काढ, समजूत घाल. स्वतः ज्या खड्ड्यात पडला होता त्याच खड्ड्यातून मित्राला वर काढत होता. १५ फेब्रुवारी १८४२ ला स्पीडचं लग्न झालं आणि तो सुखात आहे, असं पत्र आलं.

त्यावर लिंकननं २७ मार्चला जे उत्तर लिहिलं ते या सगळ्या प्रकरणातलं माझं सगळ्यात आवडतं पत्र. तो म्हणतो, तुझं ऐकून मला फार आनंद झाला. मीही पूर्ण सुखी असतो, पण एक व्यक्ती माझ्यामुळे अजून दुःखी आहे हा विचार काही जात नाही, त्यानं जीव जातो माझा. नाव लिहीत नाही. मग सांगतो: गेल्या सोमवारी ती बऱ्याच मंडळींबरोबर रेल्वेनं जॅक्सनव्हिलला जाऊन आली, आणि परत आल्यावर 'फार मजा आली' असं म्हणाली, ते माझ्या कानावर आलं. देवाची कृपा.

रेल्वे नुकतीच, त्या फेब्रुवारीतच गावात पोचली होती, त्यामुळे सहल म्हणजे अप्रूप. पण मला अडकवतं ते 'कानावर आलं'. तो तिला भेटत नाही, पण ती कुठे गेली, कुणाबरोबर, कोणत्या वारी आणि परत येऊन काय म्हणाली, सगळं त्याला माहीत. आज आपण जुन्या माणसाचं स्टेटस गुपचूप बघतो ना, हे तेच. फरक इतकाच की तेव्हा ते काम गाव करायचं.

जुलैमध्ये तो स्पीडला लिहितो की पुढचं काही करण्याआधी मला माझ्या शब्दाला जागण्यावरचा विश्वास परत मिळवायचाय. तोच माझ्या स्वभावातला दागिना होता, तो हरवलाय. सोयरीक मोडल्यानं त्याला तिच्याइतकंच स्वतःबद्दल वाईट वाटत होतं.

दोघांना समोरासमोर आणलं ते एलायझा फ्रान्सिस या बाईनं. तिचा नवरा सिमियन 'सँगमो जर्नल' या व्हिग पक्षाच्या वर्तमानपत्राचा संपादक आणि लिंकनचा दोस्त. एलायझानं दोघांना वेगवेगळं बोलावलं, दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही, आणि बैठकीत आणून म्हणाली, पुन्हा मैत्री करा बघू. तिनं 'लग्न करा' म्हटलं नाही हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मग गाठीभेटी फ्रान्सिसांच्या घरीच व्हायला लागल्या, कधी मेरीची मैत्रीण ज्यूलिया जेन सोबत असे. टेकडीवरच्या वाड्याला पत्ता नाही. मेरीचं म्हणणं, बहिणीनं पुढे सांगितलं त्याप्रमाणे, असं की मागच्या वेळी जे झालं ते बघता या वेळी कुणाच्या कानाडोळ्याला लागू द्यायचं नाही. वर्तमानपत्राच्या संपादकाच्या घरात गावातलं सगळ्यात मोठं गुपित राहिलं, ही पण एक गंमतच.

आणि मग ही मंडळी पोरकटपणा करून बसली. फेब्रुवारीत राज्य बँक बुडाली होती, तिच्या नोटांची किंमत कोसळली. ऑगस्टमध्ये राज्याचा ऑडिटर जेम्स शील्ड्स, विरोधी पक्षाचा, यानं फर्मान काढलं की कर भरायला या नोटा चालणार नाहीत, सोनं-चांदी आणा. शेतकऱ्याच्या हातात तर त्याच नोटा. लिंकननं 'रिबेका' नावाच्या खेडवळ बाईच्या तोंडून सँगमो जर्नलमध्ये एक पत्र लिहिलं आणि शील्ड्सची यथेच्छ उडवली, त्याच्या नटवेपणासकट. पुढच्या आठवड्यात रिबेकाचं आणखी एक पत्र आलं, ते मेरी आणि ज्यूलियानं लिहिलेलं मानतात. त्यात रिबेका शील्ड्सला सांगते, एवढा रागावू नकोस, हवं तर मी लग्न करते तुझ्याशी! त्यानंतर त्या लग्नावर कविताही छापून आली.

शील्ड्स भडकला. लेखक कोण म्हणून विचारलं. फ्रान्सिसनं लिंकनचं नाव दिलं, आणि लिंकननं मुलींची नावं बाहेर येऊ दिली नाहीत. सगळं आपल्या अंगावर घेतलं. शील्ड्सनं द्वंद्वाचं आव्हान दिलं.

आव्हान मिळालेल्याला हत्यार निवडायचा हक्क असतो. लिंकननं घोडदळाच्या सगळ्यात मोठ्या तलवारी मागितल्या. मधोमध जमिनीत एक फळी उभी रोवायची, ती कुणी ओलांडायची नाही. आता डोळ्यापुढे आणा: सहा फूट चार इंचांचा हात इकडून, आणि बराच बुटका शील्ड्स तिकडून. इलिनॉयमध्ये द्वंद्व बेकायदेशीर, म्हणून २२ सप्टेंबर १८४२ ला सगळे मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर गेले. शेवटी दोन्हीकडच्या मित्रांनी समजुतीनं मिटवलं. आयुष्यभर लिंकनला या प्रकाराची लाज वाटायची. मेरीनं वैधव्यात एका पत्रात आठवण लिहिलीय: व्हाइट हाउसमध्ये एका अधिकाऱ्यानं त्याला तिच्यादेखत विचारलं, तुम्ही या बाईंसाठी द्वंद्व लढायला गेला होता हे खरं का? तो लाल होऊन म्हणाला, नाकारत नाही, पण माझी मैत्री हवी असेल तर पुन्हा हा विषय काढू नका.

मला वाटतं त्या बेटावर त्याला जुलैमधल्या पत्रातला हरवलेला दागिना सापडला असावा. मूर्खपणाच्या प्रसंगात का होईना, एकदा घेतलेली भूमिका त्यानं सोडली नाही. तेरा दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, त्यानं स्पीडला विचारलं: लग्नाला आठ महिने होत आले, आता खरं सांग, बुद्धीनंच नाही, मनापासूनही तू लग्न केल्याबद्दल खूश आहेस का? आगाऊ प्रश्न आहे, पण लवकर उत्तर दे, मी वाट बघतोय. स्पीडचं उत्तर काय आलं असेल ते उघड आहे.

४ नोव्हेंबर १८४२, शुक्रवार. वाड्यावर बातमी पोचली ती अगदी ऐनवेळी. एलिझाबेथचा संताप, मग 'आमच्या घरची मुलगी आहे, लग्न आमच्याच घरातून होईल' हा हट्ट, मग स्वयंपाकघरात उडालेली तारांबळ. पहिल्या सोयरिकीला राजी नसलेल्या घरानंच संध्याकाळी मांडव घातला. पाद्री चार्ल्स ड्रेसर, तीसेक पाहुणे. अंगठीच्या आत कोरलेलं होतं, 'प्रेम चिरंतन आहे'. 'माझी सगळी संपत्ती तुला देतो' हे वाक्य लिंकन म्हणाला तेव्हा पाहुण्यांतले एक म्हातारे न्यायाधीश मोठ्यानं बोलून गेले, अरे लिंकन, ते तर कायद्यातच आहे! असं तिथं हजर असलेल्याची आठवण. आणि हर्नडनच्या पुस्तकात काय? तयारी करताना घरमालकाच्या पोरानं विचारलं कुठे चाललास, तर लिंकन म्हणे म्हणाला, नरकात. मी म्हणते, म्हणालाही असेल. लग्नाच्या दिवशी असले विनोद न करणारा नवरदेव मी तरी बघितला नाहीये.

लग्नानंतर आठवड्यानं लिंकननं एका वकील मित्राला कामाचं पत्र लिहिलं. सगळं खटल्यांबद्दल. शेवटी एक ओळ: इकडे नवीन काही नाही, माझं लग्न झालं एवढंच, आणि त्याचं मला स्वतःलाच मोठं नवल वाटतं. या एका ओळीवरून इतिहासकार भांडत आलेत. कुणाला त्यात पश्चात्ताप दिसतो. मला त्यात एक भांबावलेला, बऱ्यापैकी खूश माणूस दिसतो.

दोघांनी ग्लोब टॅव्हर्न नावाच्या खानावळीत संसार मांडला, राहणं-खाणं मिळून आठवड्याला चार डॉलर. पुढच्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट झाला. नंतर त्याच ड्रेसर पाद्र्यांचं घर १,५०० डॉलरला घेतलं. संसार सरळ नव्हता, मेरीचा राग आणि त्याची उदासी दोन्ही खरं होतं. चारपैकी तीन मुलगे वयात येण्याआधी किंवा येता येता गेले, आणि १८६५ ला नाटक बघताना तिच्या शेजारीच त्याला गोळी लागली. दोघांनी लग्नाआधी एकमेकांना लिहिलेलं एकही पत्र उरलेलं नाही. मधल्या त्या दीड वर्षाबद्दल दोघांनी जे लिहिलं ते स्पीडला आणि मर्सीला. म्हणून हर्नडनला एवढी मोकळी जागा मिळाली, आणि मला पण.

१८७५ मध्ये रॉबर्टनं शिकागोच्या कोर्टात आईला वेडी ठरवून घेतलं. काही महिने ती इस्पितळात होती, मग बाहेर आली ती सरळ स्प्रिंगफील्डला, एलिझाबेथकडे, त्याच टेकडीवरच्या घरात. पुढच्या वर्षी कोर्टानं तिला शहाणी ठरवलं, ती फ्रान्सला निघून गेली, आणि शेवटी आजारी होऊन पुन्हा तिथंच आली. १६ जुलै १८८२ ला ती त्या घरात गेली. ज्या बैठकीत चाळीस वर्षांपूर्वी तिचं लग्न लागलं होतं, तिथंच तिला ठेवलं होतं. अंगठी बोटात होती, झिजून बारीक झालेली.

ते घर आता नाही, त्या जागी सरकारी इमारत आहे. तो जुना भाग मी काढून टाकलेला नाही, फक्त त्याच्या वर्णनात आज एक ओळ घातलीय: केकवर विश्वास ठेवू नका. प्रश्न विचारणाऱ्या त्या श्रोत्याचे आभार. पुढच्या रविवारी भेटू.